पिशवीचा रिपोर्ट

जयेश खोपटहून आला तो चपला न काढताच आत शिरला, आणि त्यावरूनच दामाजींनी ओळखलं की लॅबमध्ये काही मिळालेलं नाही. मिळणार नव्हतंच. हे त्या घरात त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि गेले बारा दिवस ते ठाऊक असणं त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं.

"नाहीये," जयेश म्हणाला. "नऊ वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढायला लावलं त्या म्हाताऱ्याला. अख्खा महिना बघितला. आईचं नावच नाही."

चेंदणीच्या घरात रविवारी दुपारी सगळे जमले होते. डोंबिवलीहून मुलगी हेमांगी आली होती, सोबत तिची लेक ऋजुता. जयेशची बायको वैशाली सासूसाठी पेज गार करत बसली होती. आतल्या खोलीत दामाजींची बायको सरस्वती पडून होती आणि मधलं दार अर्धवट लोटलेलं होतं. टेंभी नाक्यावर देवीचा मांडव उभा राहत होता, त्याच्या ठोकाठोकीचा आवाज इथवर येत होता. एरवी या दिवसांत सरस्वती घटासाठी माती आणायची घाई करायची. या वर्षी कुणी मातीचं नावही काढलं नव्हतं.

"असं कसं होईल, मामा?" ऋजुता म्हणाली. ती लॅब टेक्निशियनच्या दुसऱ्या वर्षाला होती, त्यामुळे गेला महिनाभर घरातली मोठी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. "नमुना आला की आधी एन्ट्री होते. मग नंबर. तुकडा एक वेळ हरवेल, पण एन्ट्री कशी हरवेल?"

"मी तेच बोललो त्याला! तर म्हणतो, साहेब, आलाच नसेल. मी बोललो, आलाच नसेल म्हणजे? माझा बाप स्वतः घेऊन आलेला इथे!"

दामाजींनी खिडकीबाहेर बघितलं.

गोष्ट साधी होती, म्हणजे कळायला साधी. महिन्यापूर्वी सरस्वतीच्या बरगडीखाली दुखायला लागलं. स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसले, मग छातीत दिसले. सुई घालून यकृतातला कण काढला, तो कॅन्सरचा निघाला. पण डॉक्टर म्हणाले, हे डाग म्हणजे पसरलेलं आहे, जिथून निघालं ती जागा कुठे दिसत नाही. कणावरून एवढंच कळत होतं की तो स्नायूच्या जातीचा आहे. पुढच्या तपासण्यांना तो पुरला नाही. जठरातून निघाला असेल तर रोजची एक गोळी, गर्भाशयातून निघाला असेल तर सलाईनमधून केमो. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. मग जुने कागद चाळताना त्यांनी विचारलं, गर्भाशय काढलंय ना यांचं? त्याचा रिपोर्ट कुठेय? लॅबवाले त्याचा मेणात बसवलेला तुकडा जपून ठेवतात, ब्लॉक म्हणतात त्याला. तो आणा. तो मिळाला तर दोन दिवसांत उत्तर देतो. नाही मिळाला तर पुन्हा सुई.

आणि पुन्हा सुई म्हटलं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरायचे. पहिल्या सुईनंतर यकृतातून रक्त वाहिलं होतं. सरस्वती दोन दिवस आयसीयूत पडली होती आणि शुद्धीत आल्यावर तिने जयेशचा हात धरून एकच मागणं मागितलं होतं, परत ते नको रे.

म्हणून गेले बारा दिवस सगळे तो मेणाचा ठोकळा शोधत होते. औषध थांबलं होतं. आणि दामाजी गप्प होते.

"मी त्याचा व्हिडिओ काढलाय," जयेश खिशातून फोन काढत म्हणाला. "रजिस्टर उलटताना. हात बघ कसे थरथरतायत त्याचे. आज टाकतो फेसबुकवर. चेंदणीच्या सगळ्या ग्रुपवर टाकतो. लोकांच्या आयांचे तुकडे कचऱ्यात फेकतात हे लोक."

"टाकच," हेमांगी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "निदान आता तरी माझ्या डोंबिवलीचं नाव घ्यायचं बंद कर."

"तुझा काय संबंध इथे?"

"माझाच संबंध. तीन आठवडे तेच ऐकतेय मी. आई दोन वर्षं माझ्याकडे राहिली, कंपन्यांचा धूर खाल्ला, नाल्याचं हिरवं पाणी बघितलं. तुझ्या बायकोने आत्याला फोन करून सांगितलं, हेमांगीकडूनच लागलं म्हणून."

"मी लागलं म्हणाले नाही," वैशालीने पेजेतला चमचा न थांबवता उत्तर दिलं. "मी म्हणाले, तिकडची हवा वाईट आहे. ती आहेच. तुम्ही पण आमच्या मिश्रीवर बोललातच की. मी सासूला मिश्री आणून देते म्हणून झालं म्हणे."

"मग देत नव्हतीस?"

"पन्नास वर्षं लावतायत त्या मिश्री. मी लग्न होऊन आले तेव्हा काय डबी हातात घेऊन आले?"

"मम्मी, मामी, प्लीज," ऋजुता म्हणाली. "धुराने, मिश्रीने हा प्रकार होत नाही. शंभर वेळा सांगितलं मी."

पण तिचं ऐकतं कोण? भावाबहिणीला मूळ हवं होतं ते डॉक्टरांना हवं होतं त्याहून वेगळं. डॉक्टरांना जागा हवी होती, यांना माणूस हवा होता. दामाजींना ते लख्ख दिसत होतं. माणूस इथेच खुर्चीत बसला होता, आणि दोन्ही पोरं त्याच्या डोक्यावरून एकमेकांवर दगड मारत होती. आणि बापाने ते मारू दिले होते, ही लाज त्यांना त्या जुन्या गोष्टीपेक्षाही जास्त बोचत होती.

"आजोबा," ऋजुता त्यांच्याजवळ स्टुलावर येऊन बसली. "आठवून बघा ना. बरणी दिलीत तेव्हा पावती दिली होती का त्यांनी? छोटा कागद असतो. त्यावर नंबर असतो."

बरणी त्यांना आठवत होती. तेवढीच आठवत होती म्हटलं तरी चालेल.

पांढरी, रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी. सरस्वतीला थिएटरमधून बाहेर आणून तासही झाला नव्हता. नर्सने काळ्या कॅरीबॅगेत घातलेली ती बरणी त्यांच्या हातात दिली आणि वर एक चिठ्ठी. "काका, ही पिशवी लगेच खोपटच्या लॅबला नेऊन द्या." दामाजींना वाटलं, ती कॅरीबॅगेला पिशवी म्हणतेय. "काय हाय यात?" त्यांनी विचारलं. "काय म्हणजे? पिशवी काढली ना काकूंची, तीच." आणि ती पुढच्या पेशंटकडे गेली.

गर्भाशयाला त्या घरात नेहमी पिशवीच म्हटलं जायचं. पिशवीला गाठी झाल्यात, पिशवी काढायचीय. बोलायला सोपा शब्द. पण ती कुणाच्या हातात येईल, तिला वजन असेल, चालताना ती बरणीत हलेल, हा विचार दामाजींच्या मनात कधी आला नव्हता. जयेश तिच्यात वाढला होता. हेमांगी वाढली होती. आणि त्या दोघांच्या आधीची पहिली मुलगी, जी एक दिवस जगली आणि जिला दामाजींनी स्वतःच्या हातांनी खाडीकाठी तिवरांमागे पुरलं, तीही.

ते खोपटला गेले. एसटी स्टँडच्या बाकावर बरणी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या माणसाने विचारलं, "लोणचं का, काका?" ते उठले. लॅबच्या काचेच्या दारापर्यंत पोचले. आत एक माणूस हातमोजे घालून तसल्याच बरण्या बादलीत रचत होता आणि खांद्याला फोन लावून कुणाला तरी मॅचचा स्कोअर विचारत होता. एकावर एक, एकावर एक. दामाजींनी दाराला हात लावला आणि काढून घेतला.

त्यांच्या आईचा एक दंडक होता. बाईच्या कुशीतून जे निघेल ते परक्याच्या हाती जाऊ द्यायचं नाही. तिने दोन्ही नातवंडांची नाळ-वार खाडीच्या चिखलात स्वतः पुरली होती. दामाजी कंपनीत तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, वर्तमानपत्र वाचणारा. पण त्या दारात उभं राहिल्यावर त्यांना वर्तमानपत्र आठवलं नाही, आई आठवली. ओहोटी होती. ते सरळ खाडीवर गेले, गुडघाभर चिखलात उतरले आणि मुलीच्या शेजारी ती पुरली.

पाच दिवसांनी सरस्वतीने रिपोर्टचं विचारलं, "काय आलाय?"

"चांगला आलाय," ते म्हणाले होते.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाले, रिपोर्ट चांगला आहे, घरी राहिला. पुढे ते नर्सिंग होमच बंद पडलं. आणि चांगल्या रिपोर्टचा नवस फेडायला सगळं घर कार्ल्याला एकवीरेला जाऊन आलं. सरस्वती सगळ्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढली होती. दामाजी तिच्या मागे होते, आणि तेव्हा त्यांना खरोखरच वाटत होतं की रिपोर्ट चांगला आलाय.

"आजोबा?"

"अपलोड होतंय," जयेश म्हणाला.

"जया, थांब."

"का? कशाला थांबू?"

"त्या म्हाताऱ्याचा काय चुकला नाय." दामाजी म्हणाले. "मी ती बरनी तिथं दिलीच नाय."

कुणाला काही कळलं नाही. वैशालीला कळलं. तिचा चमचा थांबला.

"दिली नाही म्हणजे?" हेमांगीने विचारलं. "मग कुठे दिलीत? दुसरी लॅब होती?"

"खाडीवर नेली. तिवरांत पुरली."

जयेश हसला. म्हणजे हसल्यासारखा आवाज झाला त्याचा. "काय पुरली? बाबा, काय बोलताय तुम्ही?"

"देववेना रे माझ्याच्यानं. त्या बादलीत..."

"तुम्ही सांगितलंत, रिपोर्ट चांगला आला म्हणून! मी पेढे वाटलेले ऑफिसात!" जयेश त्यांच्यावर धावून आल्यासारखा पुढे आला आणि मध्येच थांबला, कारण बापावर धावून जाऊन पुढे काय करायचं ते त्यालाही माहीत नव्हतं. "बारा दिवस मी वेड्यासारखा फिरतोय. बारा दिवस! त्या माणसाला मी चोर बोललो, लॅबमधल्या सगळ्यांसमोर. आणि तुम्ही इथे बसून चहा पिताय?"

"दादा," हेमांगी म्हणाली, आणि दामाजींना वाटलं ती त्याला आवरतेय. पण ती भावाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "बाबा, मला तोंडावर बोलत होते सगळे. तुझ्या घरातून आईला लागलं. मी देवापुढे बसून माफी मागितलीय आईची, जी चूक मी केलीच नव्हती तिची. तुम्ही ऐकत होतात. तुम्ही एकदा तरी म्हणायचंत ना, की हेमा, तुझं काही नाही."

तीन आठवड्यांत भाऊबहीण पहिल्यांदा एका बाजूला आली होती. दामाजी दुसऱ्या बाजूला एकटे होते, आणि तिथेच आपली जागा आहे हे त्यांना मान्य होतं.

ऋजुता रडत होती, पण तिने फोन उचलून डॉक्टरांना लावला होता. ब्लॉक नाही, ती सांगत होती. नाही सर, मिळणार नाही, कधी बनलाच नव्हता. हो. हो. बुधवारी.

"आत या," आतून आवाज आला. "तुमी एकलेच या."

सरस्वती भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे पिवळे झाले होते आणि हातावर सुयांचे काळे डाग होते. सगळं ऐकलं होतं तिने. अर्धवट लोटलेल्या दारातून या घरात आजवर काही लपलं नव्हतं, ही एक गोष्ट सोडून.

"कुठं पुरलीत?"

"पोरीच्या बाजूला."

मांडवाची ठोकाठोक तेवढी ऐकू येत होती. दामाजींना वाटलं, ती रडेल. मग वाटलं, ती म्हणेल, बरा केलात. या दोन्हीतलं काही झालं असतं तर त्यांना सोसलं असतं.

"ती माजी व्हती ना?" तिने विचारलं.

"हो."

"मंग मना का नाय इचारलात?"

"तू शुद्धीत नव्हतीस, सरू. मना वाटला..."

"रात्री व्हते शुद्धीत. दुसऱ्या दिवशी व्हते. नऊ वर्सं व्हते." तिला धाप लागली. तिने त्यांच्याकडे पाणी मागितलं नाही, स्वतःच वाकून भांडं घेतलं. "तुमाला वाटला. तुमाला काय वाटला ते मी बुधवारी सोसीन आता."

बुधवारी सुई झाली. या वेळी रक्त कमी वाहिलं, एवढंच देवाने दिलं. हेमांगीने डॉक्टरांना गाठून विचारलंच, तेव्हाच तपासलं असतं तर? डॉक्टरांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "कदाचित. कळलं असतं तर दर काही महिन्यांनी स्कॅन करत राहिलो असतो. डाग बारीक असताना दिसले असते, कदाचित." तो ‘कदाचित’ दामाजींनी ऐकला. आयुष्यभर पुरेल एवढा तो एकच शब्द होता, आणि आयुष्य तरी आता किती राहिलं होतं.

नमुना समोरच्या लॅबमध्ये नातेवाइकांनीच न्यायचा होता. नर्सने छोटी बाटली पुढे केली आणि जयेशने हात लांब केला.

"त्यांच्याकडं दे," स्ट्रेचरवरून सरस्वती म्हणाली.

"आई, नको. मी जातो ना."

"त्यांच्याकडं दे बोलले ना."

ती शिक्षा होती की आणखी काही, हे दामाजींना कळलं नाही आणि विचारायची त्यांची प्राज्ञा नव्हती. त्यांनी बाटली दोन्ही हातांत धरली आणि रस्ता ओलांडला. जयेश दहा पावलं मागून येत होता. त्याचा विश्वास नव्हता, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

खिडकीतल्या मुलीने बाटलीवर नंबर चिकटवला. "पेशंटचं नाव?" त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. "आधी काही ऑपरेशन?"

"पिशवी काढलेली. नऊ वर्सं झाली."

"त्याचा रिपोर्ट?"

"नाय."

"घरी राहिला का, आजोबा? नंतर आणून दिलात तरी चालेल."

मागे जयेश उभा होता. "घरी नाय राहिला," दामाजी म्हणाले. "मी तपासायलाच दिली नाय." मुलीने त्यांच्याकडे एकदा बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पावती बाहेर सरकवली. ती जयेशने पुढे होऊन धरली.

सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. जयेशने तो आणला, वाचला आणि बापाच्या हातात दिला. हेमांगी डोंबिवलीहून निघाली होती, ऋजुताने रिपोर्ट फोनवर समजावून सांगितला होता. केमो सोमवारपासून. किती उपयोग होईल ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

दामाजी कागद घेऊन आत गेले. सरस्वती जागी होती.

"काय आलाय?" तिने विचारलं. नऊ वर्षांपूर्वीचाच प्रश्न, तेच शब्द. फरक एवढाच की या वेळी त्यांच्या हातात कागद होता.

"पिशवीतूनच हाय, सरू," ते म्हणाले. "जी काढली तिच्यातूनच."

तिने हात पुढे केला. कागद इंग्रजीत होता आणि तिला तर मराठीही धड वाचता येत नव्हतं. तरी तिने तो डोळ्यांजवळ धरून वरपासून खालपर्यंत बघितला, उलटा करून कोरी बाजूही बघितली.

"यात माजा नाव कुठं हाय?"

दामाजींनी तिच्या शेजारी बसून कागदावर बोट ठेवलं. त्यांनी बोट काढल्यावर तिने तिथे आपलं बोट ठेवलं आणि हेमांगी येईपर्यंत ते तिथेच होतं.